न जेवलेली पाहुणी

हिंगोलीला जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं आधी विचारतात, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" आणि मग माझा धंदा आठवून विचारतात, "तिथं तुझं काय काम?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुढं येईलच, हळदीपासून हरभऱ्याच्या भाजीपर्यंत. दुसऱ्याचं उत्तर शोधायलाच मी जानेवारीच्या शेवटी निघाले होते. ते घेऊन परत आले तेव्हा वाटलं, गेलेच नसते तर बरं झालं असतं का? तसंही नाही. जायला हवंच होतं. पण तिथं जशी वागले तशी वागायला नको होतं, आणि ते मनातून जात नाही म्हणून लिहायला बसले आहे.

माझा धंदा असा. वयात येणारी जी पोरं-पोरी जेवण टाकतात, नाहीतर ताटभर खाऊन मोरीत जाऊन ओकतात, त्यांच्यावर मी उपचार करते. आणि उपचार करता करता त्याच आजाराचा अभ्यासही करते. सकाळी डॉक्टर, दुपारी संशोधक. आमच्या लोकांत याचं फार कौतुक असतं. पण डॉक्टरला घाई असते आणि संशोधकाला धीर धरावा लागतो. दोघी एकाच बाईच्या अंगात असल्या की कोणत्या वेळी कुणाचं ऐकायचं, हे बाईला वेळेवर कळेलच असं नाही.

हा शहरातल्या खात्यापित्या घरांचा आजार, असं सगळे म्हणतात. खेड्यातल्या पोरी उन्हातान्हात राबतात, भूक लागली की भाकरी खातात, त्यांना कुठली असली थेरं, असं माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला तोंडावर सांगितलं. 'थेरं' हा शब्द मला झोंबला. मी जरा तापट आहेच. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या एका मुलीची मावशी हिंगोली जिल्ह्यात, गोरेगावला शिक्षिका आहे. राहायची सोय झाली, परवानग्या झाल्या, आणि मी बॅग भरली.

भरण्यापूर्वी टेबलाशी बसून एक नियम केला होता. ज्या घरात मुलाखत घ्यायची त्या घरात जेवायचं नाही. चहा चालेल, पाणी चालेल, अन्न नाही. आपण जाणार जेवणाबद्दल विचारायला. घरची बाई वाढायला लागली की सगळं बोलणं आपल्याच ताटाभोवती फिरणार, पोरगी गप्प बसणार, आणि ऐकायला मिळेल ते पाहुण्यापुढचं. नियम बरोबर होता. कागदावर तो आजही बरोबर आहे.

हिंगोली

रेल्वेचा प्रवास सांगत नाही, झोपले होते. हिंगोलीला उतरल्यावर सगळ्यांत आधी नाकाला भेटली ती हळद. नवी हळद अजून शेतात होती, पण बाजाराच्या बाजूनं वारा आला की जुन्या मालाचा वास गल्लीभर पसरायचा. आमच्या साताऱ्याकडं हळदीचा असा वास लग्नघरात येतो. इथं तो रिक्षाच्या सीटलाही होता.

"औंढा जाना है क्या, मॅडम?" रिक्षावाल्यानं विचारलं. बाहेरून आलेली एकटी बाई म्हणजे नागनाथालाच आलेली, हे त्यानं धरून ठेवलं होतं.

"गोरेगाव," म्हटलं.

"गोरेगाव? वहाँ कौन है?"

"एक शिक्षिका आहेत."

"अच्छा," म्हणून त्यानं मला जीपच्या अड्ड्यावर सोडलं. माझ्या बहिणीला गोरेगाव म्हटल्यावर मुंबईचं वाटलं होतं आणि त्याच वाटेवरचं पुसेगाव म्हटल्यावर आमच्या साताऱ्याचं. "मग हिंगोलीला कशाला मरायला जातेस?" असं ती म्हणाली होती. तिला समजावण्यात माझी अर्धी संध्याकाळ गेली होती.

जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली असं आपल्याला वाटतं तेव्हा ती भरलेली नसते. माझ्या मांडीवर कुणाची तरी पिशवी आणि पिशवीत एक जिवंत कोंबडी, अशा थाटात मी गोरेगावला पोचले. वाटेत दोन्ही बाजूंना काळी जमीन, कणसांवर आलेली ज्वारी, मध्येच हरभऱ्याचा हिरवा पट्टा. उघडं, मोकळं आभाळ. डोंगर आहेत, पण लांब, आणि बुटके. घाटातल्या माणसाला आधी चुकल्यासारखं होतं, मग डोळे सैलावतात.

गोरेगाव

सुनंदाबाई, म्हणजे ती शिक्षिका मावशी, पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, दिवसभर वर्गात ओरडून आवाज बसलेल्या. त्या माझ्या अभ्यासात नव्हत्या, त्यामुळं त्यांच्याकडं मी जेवू शकत होते, आणि जेवले. हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून, ज्वारीचं पीठ लावून केलेली भाजी, वर लसणाची फोडणी. जवसाची चटणी, तिच्यावर कच्चं करडईचं तेल. भाकरी एवढी मोठी की ताट झाकून जायचं. आमच्याकडं पातळ भाकरीचं कौतुक, इथं जाड भाकरीचं. मी साताऱ्याची असून सांगते, चव इथल्या भाकरीला जास्त आहे.

"ताई, तुमी जेवणाच्या डाक्टर म्हणं," सुनंदाबाई म्हणाल्या. "मंग आमी जे खाऊन राहिलो ते बराबर हाय का न्हाई, सांगा बरं."

"असंच वाढत राहिलात तर मलाच डॉक्टर लागेल."

"लागू द्या. सेनगावला हाय की डाक्टर." आणि आणखी अर्धी भाकरी माझ्या ताटात आली.

त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेमागचं मैदान दाखवलं. मराठवाड्यातलं कुठलंही गाव घ्या, अशी एक मोकळी जागा असतेच, आणि तिथं पोरं-पोरी पोलीस भरतीसाठी पळत असतात. मुलींना आठशे मीटर पळायचं असतं. चुन्यानं आखलेल्या रेघेवरून दहा-बारा मुली पळत होत्या आणि त्यांचे सर शिट्टी धरून उभे होते. ऊन वर आलं होतं. मुलींनी जॅकेटं काढून बाभळीच्या फांदीला अडकवली होती. एकीनंच काढलं नव्हतं. लांब बाह्यांचा लोकरीचा स्वेटर, बाह्या पार बोटांपर्यंत ओढलेल्या. आणि सगळ्यांत पुढं तीच.

"ती शिवकन्या," सुनंदाबाई म्हणाल्या. "माझ्याच हाताखाली शिकली. पुसेगावच्या वाटेला ऱ्हातात, मेंढरं-शेरडं हायत त्यांची. लई गुणाची पोरगी. भरतीत नक्की लागती बघा."

(नाव बदललं आहे. घराची वाटही जरा वळवून सांगते आहे. तिच्या आणि तिच्या आईच्या परवानगीनं लिहिते आहे, हेही सांगून ठेवते.)

पळून झाल्यावर ती आमच्याजवळ आली आणि मी तिचा हात हातात घेतला. एवढी पळून आलेली मुलगी, आणि हात गार. डॉक्टरला तिथंच कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलंही. पण शिवकन्याच आधी बोलली.

"मॅडम, तुमी पुण्याच्या? तिथल्या पोरी काय खातात?"

मी तिला अभ्यासाबद्दल सांगितलं. जेवणाबद्दल, शरीराबद्दल मुलींना काय वाटतं ते ऐकायला आले आहे म्हटलं. तिला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती, तरी मला आईवडिलांचीही संमती हवी होती. "मग घरी या ना," ती म्हणाली. "जेवणाच्या टायमालाच या. आई भेटती त्या वख्ताला."

मी खूश झाले. असं आपणहून बोलावणारं कुणी भेटणं आमच्या कामात दुर्मीळ असतं.

पुसेगावची वाट

घर रस्त्यापासून थोडं आत, शेतात. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं सारवलेलं अंगण, बाजूला मेंढरांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण. शिवकन्याचे वडील मारोतराव मेंढरं घेऊन लोकांच्या रानात जातात. मेंढरं रात्री ज्या शेतात बसतात त्या शेताला खत होतं, आणि शेतकरी त्याबद्दल ज्वारी देतो. आई गयाबाई घरची थोडी जमीन आणि शेळ्या बघते. गयाबाई उंच, हाडापेराची, बोलायला मोकळी. मी संमतीचा कागद वाचून दाखवत होते तोवर एका करड्या शेळीनं माझी छापलेली प्रश्नावली पिशवीतून ओढून निम्मी खाल्ली. गयाबाईला हसू आवरेना. "पेपर सोपा व्हता वाटतं," ती म्हणाली. मीही हसले. पुढचे प्रश्न आठवून आठवून विचारले.

मग ताट आलं. पिठलं, भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. शिवकन्यानं स्वतः आणून ठेवलं.

"मला क्षमा करा, गयाबाई. मी या कामावर असताना कुणाच्या घरी जेवत नाही."

"असं कसं म्हनता? दोन घास तर खा."

"नियमच आहे. चहा घेते."

गयाबाईचा चेहरा पडला. आमच्याकडंही पाहुणा न जेवता उठला की वाईट वाटतं, पण आम्ही तिथंच चार गोष्टी बोलून मोकळे होतो. ही गप्प झाली. शिवकन्यानं मात्र लगेच ताट उचललं आणि आत नेलं. शेळीच्या दुधाचा चहा आणला. तो मी प्यायले आणि छान झालाय म्हटलं.

घरात वाढायचं काम लेकीचं. आधी पाहुणा, मग वडील, मग धाकटी भावंडं, मग आई, आणि वाढणारी सगळ्यांच्या शेवटी, चुलीपाशी, एकटी. म्हणजे घरातल्या प्रत्येकाचं ताट ती बघते आणि तिचं ताट कुणी बघत नाही. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला मोठा शोध लागल्यासारखं झालं. शहरात मुली दार लावून जेवण चुकवतात. इथं सगळ्यांना वाढता वाढता चुकवता येतं. जीपमध्ये बसून मी मनातल्या मनात त्यावरचा परिच्छेदही लिहून टाकला.

मी पुन्हा पुन्हा गेले. शिवकन्या वाट बघत रस्त्यापर्यंत आलेली असायची. "मॅडम, उद्या बी या," असं प्रत्येक वेळी. आणि बोलायची किती सुंदर.

"भाकरी जड असती. पळताना पोटात दगड बसल्यावाणी वाटतं."

"असं सरांनी सांगितलं का?"

"सर म्हनतात, वजन हलकं ठेवा. भाकरीचं मलाच कळलं."

"मग भूक लागत नाही?"

"लागती की. पण भूक लागली की बरं वाटतं. भूक असली की मी जिंकून राहिले असं वाटतं."

असं वाक्य ऐकायला आम्ही वर्षवर्ष घालवतो. माझ्या अंगावर काटा आला, आणि लाज वाटते सांगायला, तो अर्धा आनंदाचा होता. संशोधक आतून म्हणत होती, हिला बोलू दे, मध्ये पडू नको, आणखी एक बैठक होऊ दे. डॉक्टर म्हणत होती, तिच्या मनगटावर बोटं ठेव. मी संशोधकाचं ऐकलं. शेवटच्या बैठकीनंतर तपासू, आईशी बोलू, हिंगोलीच्या रुग्णालयाला चिठ्ठी देऊ, असं ठरवलं. सगळं रीतसर. प्रत्येक वेळी ताट आलं, प्रत्येक वेळी मी नको म्हटलं, प्रत्येक वेळी शिवकन्यानं ते आत नेलं. माझ्या नकाराचं वाईट फक्त गयाबाईला वाटत होतं.

औंढा नागनाथ

सोमवारी सुनंदाबाईंनी औंढ्याला न्यायचं ठरवलं. "एवढ्या लांब आल्या अन् नागनाथ न पाहता गेल्या, तर माणसं मला काय म्हनतील?" गयाबाई आणि शिवकन्याही आमच्या जीपमध्ये आल्या. पोरीचं भरतीचं मैदान, म्हणजे पळण्याची परीक्षा, जवळ आलं होतं आणि गयाबाईला देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं.

मी देवभोळी नाही. पण ते देऊळ बघून गप्प झाले, हे कबूल करते. खालच्या भिंतींवरचं दगडी कोरीवकाम जवळ जाऊन बघावं असं आहे. हत्ती, माणसं, नाचणाऱ्या बायका, कितीतरी झिजलेल्या, तरी कंबरेची लय तशीच. पिंड तळघरात. अरुंद पायऱ्यांवरून वाकून उतरायचं, आत माणसं दाटीवाटीनं बसलेली, दिव्याचा धूर, बेलाचा आणि घामाचा वास. गयाबाईनं पिंडीला हात लावून लेकीसाठी काय मागायचं ते मागितलं. तिचे ओठ हलताना मला दिसत होते.

वर येताना शिवकन्या माझ्या पुढं होती. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर ती थांबली. मला वाटलं पुढं गर्दी अडली. मग तिचा हात भिंतीवरून घसरला आणि ती सरळ माझ्या अंगावर आली. मी कशीबशी भिंतीला टेकून तिला धरलं, मागून दोन बायकांनी मला धरलं. आणि धरता धरता कळलं की तिच्या अंगाला काही वजनच नाही. स्वेटरच्या आत पोरगी होती की नुसता स्वेटर, असं झालं.

बाहेर एका प्रसादाच्या दुकानाच्या सावलीत तिला आडवं केलं. बाही वर सरकवली. हातावर बारीक मऊ लव उगवली होती, उपाशी अंग ऊब धरायला उगवतं तशी. नाडी इतकी संथ की मी ती घड्याळावर पुन्हा मोजून बघितली. दुकानदारानं साखरपाणी आणलं. दोन घोट तिनं घेतले आणि तोंड फिरवलं.

"आज उपास होता का हिचा? सोमवारचा?" मी विचारलं.

"न्हाई हो," गयाबाई म्हणाली. "उपास कशाचा. काल तुमी आल्या व्हत्या ना."

"मी आले होते, त्याचं काय?"

गयाबाईनं माझ्याकडं जरा नवलानं बघितलं. हे मला ठाऊक नसेल असं तिला वाटलंच नव्हतं. "आमच्यात असं हाय मॅडम. पाहुणा न जेवता गेला तर वाढणारीनं त्या टायमाला जेवायचं न्हाई. माझी सासू पाळायची, मी बी पाळते. पर मी सांजच्याला जेवते. ही सांजच्याला बी न्हाई म्हनती, मॅडम उद्या पुन्हा येनार हायत म्हनती."

"म्हणजे मी येत होते त्या सगळ्या दिवशी..."

"न्हाई जेवली. तुमी यायच्या त्या दिशी तर लई खुशीत ऱ्हायची. मला वाटलं, पुण्याच्या मॅडम घरी येऊन राहिल्या म्हणून."

मी शिवकन्याकडं बघितलं. ती डोळे मिटून पडली होती, पण ऐकत होती. 'जेवणाच्या टायमालाच या' हे ती मैदानावर पहिल्या भेटीत का म्हणाली, ते मला त्या दुकानाच्या दारात कळलं. आईशी भांडायला नको, पोट दुखतंय म्हणायला नको, भाकरी शेळीपुढं टाकायला नको. घरातलीच रीत, वर पुण्याची डॉक्टर. एवढं पक्कं निमित्त मीच तिच्या अंगणात रोज नेऊन देत होते. न जेवणाऱ्या मुलींवर उपचार करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे, आणि इथं येऊन मी एका मुलीच्या उपाशी राहण्याला हातभार लावला. मला तिथंच बसून रडायला आलं. सुनंदाबाईंना वाटलं, मी घाबरले.

पुन्हा त्याच अंगणात

परत येताना जीपमध्ये मी गयाबाईला सगळं सांगितलं. हा आजार आहे, हट्ट नाही. हृदय थकलं आहे. एकदम भरपूर खाऊ घालणंही धोक्याचं असतं, म्हणून रुग्णालयात ठेवून हळूहळू वाढवावं लागेल, आणि आजच हिंगोलीला न्यायला हवं. पाळीबद्दल विचारलं. ती कधीचीच थांबली होती. पळणाऱ्या पोरींची थांबतेच, असं कुणीतरी सांगितलं म्हणून घर निश्चिंत होतं.

"आधी घरी चला," गयाबाई म्हणाली. "बापाला सांगायला पाहिजे."

मारोतराव अंगणात होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, मैदान होऊ द्या," ते म्हणाले. "थोडेच दिस ऱ्हायले. पोरीनं लई तकलीफ काढली त्याच्यापायी. मैदान झालं की मी सोता घेऊन येतो."

"मैदानावर पडली आणि उठली नाही तर?"

शिवकन्या बोलली, पहिल्यांदाच आवाज चढवून. "मला काही झालं न्हाई. मी सगळ्यांच्या पुढं पळते, इचारा सरांना." ते खरंच होतं.

मी गयाबाईला म्हटलं, "मला जेवायला वाढा."

गयाबाई उठली. सकाळच्या भाकऱ्या होत्या, पिठलं नव्यानं हाटलं. मी शिवकन्याला वाढू दिलं नाही. तिला माझ्या शेजारी बसवलं. तिच्यापुढं भाकरीचा चतकोर आणि वाटीभर ताक, माझ्यापुढं पूर्ण ताट. मी पहिला घास घेतला. पाहुणी जेवायला लागली होती. आता घरात कुणाला न जेवायचं कारण उरलं नव्हतं.

तिनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी विसरणार नाही. एवढे दिवस रस्त्यापर्यंत यायची ती पोरगी, मला मैत्रीण समजत होती. मैत्रिणीनं भर घरात तिचं गुपित उघडं पाडल्यासारखं ती बघत होती. "तुमी बी तसल्याच," ती हळूच म्हणाली. मग चतकोरातला एक तुकडा ताकात बुडवून तोंडात घातला आणि किती तरी वेळ चघळत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं. मारोतराव उठून मेंढरांकडं गेले. त्यांना ते बघवलं नाही.

पिठलं उत्तम झालं होतं. चुलीवरचं, लसूण आणि हिरवी मिरची घातलेलं, कडेला जरासं लागलेलं. पहिल्या दिवशीचंही असंच असणार. मी ताट पूर्ण संपवलं, कारण अर्धं टाकायची सोय मी स्वतःला ठेवली नव्हती.

मी हात धुऊन आले तेव्हा गयाबाई आतल्या खोलीत पिशवीत लुगडं आणि पोरीचे कपडे भरत होती. नवऱ्याला तिनं विचारलं नव्हतं. "चला," एवढंच म्हणाली. मारोतराव कुंपणाशी उभे होते. त्यांनी अडवलं नाही. शिवकन्या जीपमध्ये माझ्याकडं पाठ करून बसली आणि हिंगोलीपर्यंत बोलली नाही. जिथं भरतीचं मैदान होणार होतं ती जागा आली तेव्हा तिनं काचेला हात लावला, तो मात्र मला दिसला.

परत आल्यावर

मी हिंगोलीत ठरल्यापेक्षा जास्त राहिले. रोज सकाळी रुग्णालयात जायचे. तिथले डॉक्टर माझं ऐकून घ्यायचे, शिवकन्या नाही. ज्वारीच्या कण्या ताकात कालवून गयाबाई चमच्यानं भरवायची आणि मी आले की शिवकन्या तोंड मिटायची. मग मी दारातूनच परत फिरायला लागले. तिच्या मुलाखती मी अभ्यासातून काढून टाकल्या. ती आता पेशंट आहे. तिची ती सुंदर वाक्यं माझ्या निबंधात येणार नाहीत, आणि न आलेलीच बरी. पण चुलीपाशी कोण शेवटी जेवतं हे मी बघितलं, पाहुणी न जेवता गेल्यावर त्याच चुलीपाशी काय होतं हे मात्र विचारलं नाही. तो एक प्रश्न माझ्या प्रश्नावलीत नव्हता. शेळीनं खाल्लेल्या पानावरही नव्हता.

मैदान झालं. शिवकन्या तेव्हा खाटेवर होती. तिच्या मागून पळणारी शीतल भरतीत लागली. सुनंदाबाईंनी फोनवर सांगितलं. पोरीला पुन्हा संधी मिळेल असं सगळे म्हणतात, मीही म्हणते. पण ती जिंकत होती तेव्हाच तिला थांबवलं, आणि ते मी केलं. आधीच जेवले असते तर कदाचित एवढ्यावर आलंच नसतं.

उन्हाळ्यात गयाबाईचा फोन यायला लागला. शिवकन्या घरी आली होती, वजन चढत होतं, तब्येत बरी होती. एका दुपारी बाह्यरुग्ण विभागात मी पेशंट बघत असताना फोन आला. पलीकडं गयाबाई नव्हती.

"मॅडम, जेवल्या का?"

मी आवाज ओळखला. घड्याळात तीन वाजून गेले होते आणि डबा पिशवीत तसाच होता. दुपारचं जेवण चुकवणं ही आम्हा डॉक्टरांची जुनी खोड. खोटं बोलायचं मनात आलं, पण बोलले नाही. "नाही अजून."

"मंग मी बी थांबते."

"थांबू नको. एक मिनिट." मी बाहेरच्या पेशंटला थांबायला सांगितलं, दार लोटलं आणि डबा उघडला.

"काय हाय?"

"मेथीची भाजी. पोळी. तुझ्याकडं?"

"भाकरी. अर्धी. अन् आंबाडी."

आम्ही जेवायला लागलो. फोनवर कुणी जेवताना ऐकलंय का तुम्ही? मला तो आवाज फार मोठा वाटला. मागं शेळ्या ओरडत होत्या. मध्येच तिनं विचारलं, "पहिल्या दिवशी काहून न्हाई जेवल्या?"

मला किती तरी सांगता आलं असतं. संशोधन, पद्धत, पूर्वग्रह. "माझा तसा नियम होता," मी म्हटलं.

ती थोडा वेळ चावत राहिली.

"माझा बी नियमच व्हता, मॅडम."

ती रागावलेली वाटली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "माझी झाली. तुमची संपली का?"

डब्यात अर्धी पोळी उरली होती. "नाही," म्हटलं, आणि ती लाइनवर असेपर्यंत ती पोळी खाऊन टाकली.